बीगलबोनवर यूआर्ट-१ उठत नाही, "पिन ९५ आधीच घेतलेली": डिव्हाइस ट्रीमध्ये पिनकंट्रोल नेमकं कुठे लिहायचं?

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. टेरी टॉवेलच्या यंत्रमागावर बसवायचं कार्ड आहे. खाली बीगलबोन ब्लॅक (टीआयची एएम३३५८ चिप असलेला छोटा लिनक्स बोर्ड), वर आपलं दोन थरांचं कार्ड. कामं दोनच: मागाचे पिक (आडवा धागा टाकण्याच्या फेऱ्या) मोजायचे आणि आरएस-४८५ (लांब तारेची सीरियल लाइन) वरून शेडच्या टोकाला असलेल्या कॉम्प्युटरला पाठवायचे. माग मिनिटाला साधारण १२० पिकांनी चालतो.

आरएस-४८५ साठी यूआर्ट-१ (चिपमधलं सीरियल पोर्ट) घेतलंय. पी९ कनेक्टरवर २४ नंबरला टीएक्स, २६ नंबरला आरएक्स. ट्रान्सीव्हरची डीई पिन (लाइनवर पाठवणं चालू-बंद करणारी) वर-खाली करायला यूआर्टची आरटीएस ही कंट्रोल पिन लागते, ती १९ नंबरवर मिळते म्हणून तिथून घेतली. ओव्हरले खाली देतो (डिव्हाइस ट्री म्हणजे कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल, ओव्हरले म्हणजे तिच्यावर चढवायची जोडफाइल, आणि पिनकंट्रोल म्हणजे कोणती पिन कोणत्या कामाला हे ठरवणारा भाग). मूळ फाइल अर्थातच रोमन अक्षरांत आहे, इथे उतरवून लिहितोय. पिन्सच्या यादीतले आकडे हेक्समध्ये आहेत.

&एएम३३एक्सएक्स_पिनमक्स {
  यूआर्ट१_पिन्स: यूआर्ट१-पिन्स {
    पिनकंट्रोल-सिंगल,पिन्स = <
      १७सी ०८ ०  /* आरटीएस */
      १८० ३० ०  /* आरएक्स */
      १८४ ०८ ०  /* टीएक्स */
    >;
  };
};
&यूआर्ट१ {
  पिनकंट्रोल-नेम्स = "डीफॉल्ट";
  पिनकंट्रोल-० = <&यूआर्ट१_पिन्स>;
  स्टेटस = "ओके";
};

बूट झाल्यावर लॉगमध्ये हे येतं:

पिनकंट्रोल-सिंगल ४४ई१०८००.पिनमक्स: पिन पिन९५ ऑलरेडी रिक्वेस्टेड बाय ४८१९सी०००.आय२सी; कॅनॉट क्लेम फॉर ४८०२२०००.सीरियल
पिन-९५ (४८०२२०००.सीरियल) स्टेटस -२२

टीटीवायएस१ चालत नाही, कारण सीरियलचा प्रोबच (ड्रायव्हरने उपकरण सुरू करणं) पडतो. माझ्या फाइलमध्ये ९५ हा आकडा कुठेच नाही, मग हा आला कुठून? आणि ही सेटिंग ट्रीमध्ये न लिहिता यू-बूटमध्येच (कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर) करून टाकली तर चालेल का?

सात_रस्ता

आधी ९५ चा हिशोब करू. तो एकदा हाताने केला की पुढचा प्रत्येक लॉग वाचता येतो.

एएम३३५८ मध्ये पिनांची रजिस्टरं कंट्रोल मॉड्यूलमध्ये असतात. मॉड्यूलचा पाया ४४ई१००००, आणि पिनांची रजिस्टरं त्यात ८०० पासून सुरू होतात. म्हणून लॉगमध्ये ४४ई१०८०० दिसतं. टीआयच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये आरटीएसचा ऑफसेट ९७सी दिलेला आहे (हे सगळे आकडे हेक्समध्ये). त्यातून ८०० वजा केले की १७सी उरतात, तेच तुम्ही लिहिलेत. प्रत्येक रजिस्टर ३२ बिटांचं, म्हणजे ४ बाइटचं. १७सीला ४ ने भागलं की हेक्स ५एफ, म्हणजे दशमान ९५. पिनकंट्रोल-सिंगल ड्रायव्हरला चिपच्या पिनांची नावं माहीत नसतात, तो नुसती रजिस्टरं मोजतो आणि "पिन९५" असं नाव देऊन टाकतो. बूटच्या सुरुवातीला "१४२ पिन्स, साइझ ५६८" अशी एक ओळ येते, तीही हीच मोजणी: ५६८ भागिले ४. याच हिशोबाने तुमची आरएक्स ९६ आणि टीएक्स ९७.

आता भांडण कोणाशी आहे ते बघा. ४८१९सी००० म्हणजे आय२सी-२, क्लॉक आणि डेटा अशा दोन तारांची बस. बीगलबोनवर पी९ च्या १९ आणि २० नंबरवर आय२सी-२ ची क्लॉक आणि डेटा येतात. वर बसणाऱ्या कार्डांचे ईईप्रॉम (ओळख साठवणाऱ्या मेमरी चिप, हेक्स पत्ते ५४ ते ५७) याच बसवरून वाचले जातात, म्हणून मूळ ट्रीमध्ये ही बस आधीपासून चालू असते. मोड म्हणजे पिनने कोणतं काम करायचं ते ठरवणारा आकडा. ९५ नंबरच्या पिनचा मोड ० म्हणजे यूआर्ट-१ ची आरटीएस आणि मोड ३ म्हणजे आय२सी-२ ची क्लॉक. पिन एकच, मागणारे दोन. कर्नलने आधी आलेल्याला दिली आणि तुम्हाला उणे २२ हा एरर दिला. हे योग्यच आहे. हा अडसर नसता तर सीरियल चालली असती आणि आय२सी काहीही न सांगता बंद पडली असती, मग दोन दिवस सोल्डरिंग तपासण्यात गेले असते.

यू-बूटबद्दल: नको. यू-बूटमध्ये लिहिलेला मोड कर्नलला माहीत नसतो. कर्नलमधल्या दुसऱ्या कोणी ती पिन मागितली तर तो बिनदिक्कत देऊन टाकेल. पिन ज्या उपकरणासाठी आहे त्याच्याच नोडवर तिचं नाव असलं पाहिजे. कंट्रोलरच्या नोडमध्ये फक्त "अशी अशी मांडणी उपलब्ध आहे" एवढं लिहायचं, आणि ती मांडणी वापरणाऱ्याने पिनकंट्रोल-० मधून तिच्याकडे बोट दाखवायचं. तुमची रचना या बाबतीत बरोबर आहे, फक्त पिनची निवड चुकली.

उपाय: हार्डवेअरची आरटीएस सोडून द्या आणि डीईसाठी एक जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वाचता किंवा वर-खाली करता येणारी साधी पिन) घ्या. पी९ ची २३ नंबर घ्या, जीपीआयओ-१ मधली १७ वी. ऑफसेट ८४४, वजा ८०० म्हणजे हेक्स ४४, भागिले ४ म्हणजे हेक्स ११, दशमान १७, म्हणून पिन१७. पिन्सच्या यादीत १७सीची ओळ काढून तिच्या जागी "४४ ०० ७" लिहा (मोड ७ म्हणजे जीपीआयओ). आणि यूआर्टच्या नोडमध्ये "आरटीएस-जीपीआयओज = <&जीपीआयओ१ १७ जीपीआयओ_ॲक्टिव्ह_हाय>" आणि "लिनक्स,आरएस४८५-एनेबल्ड-ॲट-बूट-टाइम" या दोन ओळी घाला. आरएस४८५-आरटीएस-ॲक्टिव्ह-लो लिहू नका. ते न लिहिता पाठवताना पिन वर जाते, डीईला तेच हवं. तरी एकदा स्कोप लावून खात्री करा, कारण जुन्या कर्नलांत या ध्रुवतेचा गोंधळ होता.

आणि डीईवर बाहेरून १० किलोओहमचा पुल-डाउन (पिन खाली ओढून ठेवणारा रेझिस्टर) बसवा. पॉवर आल्यापासून ओव्हरले लागू होईपर्यंतच्या काही सेकंदांत ती पिन कोणाच्याच ताब्यात नसते. त्या वेळात डीई वर राहिली तर तुमचं एक कार्ड अख्खी लाइन दाबून धरतं आणि बाकीच्या मागांचा निरोपही पोचत नाही.

उभा_आडवा

यूआर्ट-४ घेतलं तर? पी९ ची ११ आणि १३, मोड ६. आणि पी८ च्या ३३ नंबरवर त्याची हार्डवेअर आरटीएस आहे. आय२सीशी भांडणच नको.

सात_रस्ता

११ आणि १३ ठीक आहेत, ३३ नको. पी८ ची ३३ म्हणजे एलसीडी-डेटा-१३. एलसीडी-डेटाच्या ० ते १५ या पिनांवरूनच चिप रिसेटच्या क्षणी बूटची सेटिंग वाचते. ट्रान्सीव्हरकडून किंवा बाहेरच्या रेझिस्टरकडून त्या क्षणी पातळी बदलली तर बोर्ड कधी उठतो, कधी उठत नाही. शिवाय बीगलबोन ब्लॅकवर या पिना एचडीएमआयसाठी वापरात असतात, म्हणजे तिथेही "ऑलरेडी रिक्वेस्टेड" येणारच. यूआर्ट-४ घेऊन डीईला जीपीआयओ दिला तर हरकत नाही, पण मग यूआर्ट-१ नेच काय वाईट केलंय.

अक्कलकोट_रोड

ताई, २३ नंबरवर बदललं. ९५ गेला, आता हे आलं:

पिन पिन९६ ऑलरेडी रिक्वेस्टेड बाय ओसीपी:पी९_२६_पिनमक्स. कॅनॉट क्लेम फॉर ४८०२२०००.सीरियल

हे तर मी लिहिलेलंच नाही. यादीत १७ नंबर सर्वांत वर होती, तिच्याबद्दल तक्रार नाही.

विजापूर_वेस

दादा, हे आधीपासूनच होतं, फक्त दिसत नव्हतं. कर्नल गटातल्या पिना लिहिलेल्या क्रमाने एकेक मागतो, पहिला नकार आला की थांबतो आणि घेतलेल्या परत करतो. मघाशी तुमची पहिली ओळ ९५ ची होती, ती अडली, त्यामुळे ९६ आणि ९७ पर्यंत गाडी गेलीच नाही. एक भांडण मिटवलं की पुढचं दिसतं, हे धरूनच चाला.

ओसीपी:पी९_२६_पिनमक्स हा "केप युनिव्हर्सल" ओव्हरलेचा मदतनीस आहे. बीगलबोनच्या डेबियन इमेजमध्ये तो सुरुवातीपासून चालू असतो आणि हेडरवरच्या बहुतेक पिना स्वतःच्या नावावर करून ठेवतो, म्हणजे यूजरला कमांड देऊन मोड बदलता यावा. घरी शिकायला सोयीचा. शेडमध्ये लावायच्या कार्डावर त्याचा उपयोग नाही, कारण तिथे प्रत्येक पिन एका ठरलेल्या उपकरणाची असते.

दोन वाटा आहेत. बूट फोल्डरमधल्या यूएनव्ही टेक्स्ट फाइलमध्ये "एनेबल_यूबूट_केप_युनिव्हर्सल=१" ही ओळ आहे, तिच्या आधी हॅश लावून ती बंद करा आणि रीबूट करा. नाहीतर तुमच्या ओव्हरलेमध्ये पी९_२४_पिनमक्स, पी९_२६_पिनमक्स अशा प्रत्येक नोडचं स्टेटस "डिसेबल्ड" लिहा. मी पहिली वाट सुचवेन. दुसरीत पुढच्या कार्डावर एक पिन वाढली की एक नोड लिहायचा राहतो.

२३ नंबरबद्दल तक्रार का नाही, हे मात्र बघाच. डीबगएफएस माउंट करून सिस/कर्नल/डीबग/पिनकंट्रोल या फोल्डरमध्ये ४४ई१०८००.पिनमक्स-पिनकंट्रोल-सिंगल आहे, त्यात "पिनमक्स-पिन्स" नावाची फाइल आहे. प्रत्येक पिनची एक ओळ: नंबर, मालक, जीपीआयओ म्हणून कोणी घेतली असेल तर ते, आणि फंक्शन. त्यात पिन १७ समोर तुमच्या सीरियलचं नाव दिसतं का बघा. प्रोब पडलेला असल्यामुळे आत्ता "अनक्लेम्ड" दिसलं तर घाबरू नका, परत केलेली असते. बाजूच्याच "पिन्स" फाइलमध्ये रजिस्टरची खरी किंमत दिसते. मालक कोण हे पहिली फाइल सांगते, प्रत्यक्षात चिपमध्ये काय लिहिलं गेलं हे दुसरी. दोन्ही उघडल्याशिवाय पिनकंट्रोलवर मत बनवू नये.

अक्कलकोट_रोड

युनिव्हर्सल बंद केलं. सीरियल उठली, डीई स्कोपवर पाठवताना वर आणि पाठवून झाल्यावर खाली येते. मनापासून आभार.

आता पिक मोजणीचं. सेन्सर २४ व्होल्टचा एनपीएन प्रॉक्सिमिटी, मध्ये पीसी८१७ ऑप्टो (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून प्रकाशातून सिग्नल नेणारा भाग), आउटपुट पी९ च्या १२ नंबरला (जीपीआयओ-१ ची २८). कर्नलचा इंटरप्ट-काउंटर ड्रायव्हर वापरतोय. पिनचा नोड असा:

पिक_पिन: पिक-पिन {
  पिनकंट्रोल-सिंगल,पिन्स = <७८ ०० ७>;
  बायस-पुल-अप;
};

काउंटरच्या नोडला पिनकंट्रोल-० दिलंय. प्रोब व्यवस्थित होतो, लॉगमध्ये काही तक्रार नाही, पण काउंट शून्याच्या पुढे जात नाही. ऑप्टोचं आउटपुट मल्टीमीटरवर कायम शून्याजवळ. पुल-अप (पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) चालूच नाही असं वाटून डेव्हमेमने (मेमरीचा पत्ता थेट वाचणारी-लिहिणारी कमांड) ४४ई१०८७८ वर ३७ लिहून पाहिलं, पण परत वाचलं की ०७ च येतं. चिप गेली का?

विजापूर_वेस

चिप शाबूत आहे. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतल्यात.

पहिली, "बायस-पुल-अप" ही ओळ एएम३३५८ वर कोणी वाचतच नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये पिनांसाठी सर्वसाधारण गुणधर्म आहेत: बायस-पुल-अप, ड्राइव्ह-ओपन-ड्रेन, स्लू-रेट वगैरे. पण ते समजून घ्यायचे की नाही हे त्या त्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर असतं. एसटीएम३२एमपी१ वर तुम्ही पिनमक्समध्ये पोर्ट, पिन आणि फंक्शन लिहिता आणि खाली बायस-पुल-अप लिहिता, तो ड्रायव्हर ते वाचतो. पिनकंट्रोल-सिंगलला मात्र तुम्ही थेट रजिस्टरचे बिट देता. पुल-अप, पुल-डाउन, इनपुट, सगळं त्या एका आकड्यात. तिथे बायस-पुल-अप लिहिलं तर तो ना वापरतो ना तक्रार करतो. दुसऱ्या चिपच्या फाइलमधून नोड उचलला की हे असं होतं.

दुसरी, तो आकडा. रजिस्टरचे खालचे सात बिट असे: ० ते २ मोड, ३ म्हणजे पुल बंद (१ असेल तर बंद), ४ म्हणजे पुलची दिशा, १ वर, ० खाली, ५ म्हणजे इनपुट बफर चालू, ६ म्हणजे स्लू (पातळी बदलण्याचा वेग) संथ. तुम्ही ०० लिहिलंत, म्हणजे पुल चालू, तोही खालच्या दिशेने, आणि इनपुट बफर बंद. शिवाय ऑप्टोची कलेक्टर बाजू ओपन, तिला वर ओढणारं कोणीच नाही, म्हणून मल्टीमीटरवर शून्य. या चिपवर जीपीआयओ इनपुट म्हणून घ्यायची असली तरी बिट ५ हवाच. हाच नियम आय२सीच्या दोन्ही पिनांना लागतो, आणि गंमत म्हणजे एसपीआयच्या क्लॉकलाही: चिप स्वतःच बाहेर पाठवलेली क्लॉक परत आत वाचते, बिट ५ नसेल तर डेटा वाचताना कचरा येतो.

तुमच्यासाठी ३०, म्हणजे इनपुट आणि पुल-अप. पण आतला पुल-अप कमजोर असतो, शेडमध्ये मोटारींचा विजेचा नॉइज तारेत येतोच. त्यापेक्षा ऑप्टोच्या आउटपुटला ३.३ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहम बाहेरून लावा आणि पिनला २८ द्या: इनपुट चालू, आतला पुल बंद. ५ व्होल्टला चुकूनही ओढू नका, या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत.

तिसरी, डेव्हमेम. कंट्रोल मॉड्यूलची पिन रजिस्टरं प्रोसेसरच्या प्रिव्हिलेज्ड मोडमधूनच लिहिता येतात. यूजर स्पेसमधला प्रोग्राम रूट म्हणून चालवला तरी तो त्या मोडमध्ये नसतो. लिहिलेलं चुपचाप टाकून दिलं जातं, म्हणून ०७ च परत आला. वाचायला डेव्हमेम चालतं, लिहायला नाही.

आणि एक सुटलेलं: इंटरप्ट-काउंटर प्रोब झाला की बंद स्थितीत असतो. सिस/बस/काउंटर/डिव्हायसेस/काउंटर०/काउंट० मध्ये "एनेबल" फाइल आहे, तिच्यात १ लिहिल्याशिवाय काउंट हलत नाही.

सात_रस्ता

दादांनी लिहिलंय त्यात डीबाउन्सची (सिग्नलमधल्या खोट्या कडा गाळण्याची) एक भर घालते. १२० पिकांना एक फेरी ५०० मिलिसेकंदांची. सेन्सरसमोरून जाणारी पट्टी घेराचा विसावा भाग असेल तर पल्स २५ मिलिसेकंदांचा. ऑप्टोनंतर १० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचं आरसी घातलं तर काळ १ मिलिसेकंद. पल्सला धक्का नाही, मोटारचे काटे गळून जातात. इंटरप्ट-काउंटर स्वतः डीबाउन्स करत नाही, कडा आली की मोजतो. चिपच्या जीपीआयओ मॉड्यूलमध्येही डीबाउन्स आहे, ३१ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी ७.९ मिलिसेकंदांपर्यंत, पण तो वेळ एका बँकेतल्या सगळ्या पिनांना सामायिक असतो. आरसी स्वस्त आणि बघून कळण्यासारखं.

उभा_आडवा

मला एक अडलंय. माझ्या ट्रीमध्ये सगळं याच पद्धतीने आहे, पण पिनमक्स-पिन्समध्ये माझी पिन कायम "अनक्लेम्ड". लॉगमध्ये एरर नाही, ड्रायव्हरही प्रोब होतोय. पिनकंट्रोल-० दिलंय.

विजापूर_वेस

पिनकंट्रोल-नेम्स आहे का? नसणार. ती ओळ नसली तर कर्नल स्थितीचं नाव प्रॉपर्टीच्या शेपटीवरून घेतो, म्हणजे स्थितीचं नाव "०" होतं. आणि ड्रायव्हर कोअर प्रोबच्या आधी "डीफॉल्ट" नावाची स्थिती शोधतो. ती सापडत नाही, आणि न सापडणं ही चूक मानली जात नाही, कारण कित्येक उपकरणांना पिनांची गरजच नसते. म्हणून गुपचूप पुढे जातो. नावात एक अक्षर चुकलं तरी हेच.

"स्लीप" आणि "आयडल" या स्थितींचं वेगळं आहे. त्या नुसत्या लिहून लागू होत नाहीत, ड्रायव्हरने स्वतः निवडाव्या लागतात. कोअर आपणहून "डीफॉल्ट" लावतो, आणि "इनिट" दिली असेल तर प्रोबच्या आधी ती लावून प्रोब झाल्यावर "डीफॉल्ट".

तुमच्या नोडमध्ये खरंच काय पोचलं हे बघायला फाइल उघडू नका, चालू कर्नलकडूनच घ्या. डीटीसीला इनपुट प्रकार "एफएस" देऊन प्रॉक/डिव्हाइस-ट्री द्या, पूर्ण ट्री मजकुरात बाहेर येते. ओव्हरले लागू झालाच नाही, किंवा जुनाच लागला, असं निम्म्या वेळा निघतं.

आणि जुने ओव्हरले वापरत असाल तर सेल मोजा. एएम३३५८ च्या पिनमक्स नोडवर हॅश-पिनकंट्रोल-सेल्स आधी १ होतं, म्हणजे प्रत्येक पिनला दोन आकडे: ऑफसेट आणि किंमत. २०२० मध्ये ते २ झालं, म्हणजे तीन आकडे: ऑफसेट, सेटिंग, मोड. मॅक्रो वापरलेले असतील आणि नव्या कर्नलच्या हेडरने पुन्हा बांधलं तर निभावतं. कच्चे आकडे किंवा जुनी बांधलेली फाइल असेल तर यादी सरकते, दुसऱ्या पिनचा ऑफसेट पहिलीचा मोड म्हणून वाचला जातो.

उभा_आडवा

नेम्सच नव्हतं. घातल्याबरोबर पिन दिसली. 🙏

अक्कलकोट_रोड

काउंट चालू झाला, पिनला २८ आणि बाहेरून ४.७ किलोओहम. मागाच्या मीटरशी जुळतोय.

शेवटचा प्रश्न. ताण्याचा धागा तुटला की ड्रॉपर (धाग्यावर टांगलेली पत्र्याची पट्टी) पडून संपर्क होतो, असे १६ संपर्क वाचायचेत. आय२सी-२ चालू राहिलीच आहे तर तिच्यावर एमसीपी२३०१७ (पिना वाढवणारी एक्स्पांडर चिप) लावतोय, पत्ता हेक्स २०. त्याच्या आतल्या पुल-अपला ट्रीमधून कसं चालू करायचं? बायस-पुल-अप इथेही दुर्लक्षित होणार का?

सात_रस्ता

इथे चालतं. एमसीपी२३०१७ चा ड्रायव्हर कर्नलमध्ये पिनकंट्रोलच्याच फोल्डरमध्ये आहे आणि तो बायस-पुल-अप वाचतो. म्हणजे तुमच्या ट्रीमध्ये आता पिनकंट्रोलर दोन: एक चिपचा, एक एक्स्पांडरचा, आणि दोघांची भाषा वेगळी. चिपच्या बाजूला रजिस्टरचे बिट, एक्स्पांडरच्या बाजूला पिनांची नावं, "जीपीआयओ०" पासून "जीपीआयओ१५" पर्यंत.

एक्स्पांडरच्या नोडच्या आत एक उपनोड करा, त्यात "पिन्स" मध्ये हव्या त्या पिनांची नावं आणि खाली बायस-पुल-अप. मग त्याच एक्स्पांडरच्या नोडवर पिनकंट्रोल-नेम्स "डीफॉल्ट" आणि पिनकंट्रोल-० मध्ये दोन बोटं: पहिलं एएम३३५८ च्या बाजूच्या इंटरप्ट पिनकडे, दुसरं या आतल्या उपनोडकडे. इंटरप्टसाठी पी९ ची १५ घ्या (जीपीआयओ-१ ची १६), "४० ३० ७". स्वतःच्याच कंट्रोलरच्या पिना स्वतःच्या नोडवर लावून ठेवण्याला हॉग म्हणतात. ज्या पिनांना वेगळं उपकरण नाही त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. पण हॉगमध्ये टाकलेली पिन नंतर दुसऱ्या नोडला देऊ नका, पुन्हा तेच "ऑलरेडी रिक्वेस्टेड" येईल, फक्त मालकाच्या जागी कंट्रोलरचंच नाव दिसेल.

"मायक्रोचिप,आयआरक्यू-मिरर" लिहिलं की ए आणि बी दोन्ही बाजूंचे इंटरप्ट एकाच तारेवर येतात, दुसऱ्या पिनची गरज उरत नाही.

आता दोन बारीक गोष्टी. आतला पुल-अप साधारण १०० किलोओहमचा, लांब तारेला तो पुरत नाही. ड्रॉपरच्या पट्टीपासून कार्डापर्यंत दोन मीटर तार असेल तर बाहेरून ४.७ किलोओहम लावा. तिथे कापसाचा धूळधागा संपर्कावर बसतो, थोडा प्रवाह वाहिला तर संपर्क नीट लागतो. दुसरं, १६ इनपुट मिळणार नाहीत. नव्या डेटाशीटनुसार एमसीपी२३०१७ च्या जीपीए७ आणि जीपीबी७, म्हणजे जीपीआयओ७ आणि जीपीआयओ१५, फक्त आउटपुट म्हणून वापरायच्या. १४ संपर्क इथे घ्या, उरलेल्या दोघांसाठी पी९ वर जागा आहे. त्या दोन आउटपुटवर लाल-हिरवा दिवा लावता येईल.

अक्कलकोट_रोड

१४ इथे, दोन संपर्क पी९ च्या १४ आणि १६ वर घेतो. दोन्ही मोड ७, सेटिंग २८, बाहेरून ४.७ किलोओहम. पिनमक्स-पिन्समध्ये आधी कोणी घेतल्यात का ते बघूनच तारा ओढतो.